दार उघडंच ठेवलं!

तुम्हाला तुमच्याच ग्रुपने कधी वाऱ्यावर सोडलंय? कालपर्यंत एका कपात चहा पिणारे अचानक गप्प होतात आणि मग चार लोकांत सांगतात, आमचा हिच्याशी काही संबंध नाही. विरोधकांचं बोलणं पचतं हो, आपल्या माणसांचं नाही पचत. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हे पस्तिसाव्या वर्षी आलं, तेही अख्ख्या पुण्यासमोर.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई दोन ओळींत उरकतात. खरं तर त्यांच्या आयुष्यावर वेब सिरीज निघेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने ते लेकीला दिलं. पुराण सांगत गावोगाव फिरणारं हे कुटुंब १८७०च्या दशकातल्या दुष्काळात उद्ध्वस्त झालं. आई, वडील, मोठी बहीण गेले. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास बरंचसं पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आत तेही गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या, कडेवर छोटी मनोरमा. म्हणजे साधारण तुमच्या-माझ्या वयाच्या!

तेव्हा सावरून घेतलं पुण्याच्या सुधारकांनी. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळात त्या आपल्या झाल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुण्यात अनेकांना ते लागलं. तरीही १८८९ मध्ये अमेरिकेतून पैसा उभा करून त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं, तेव्हा रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार म्हणून सोबत उभे राहिले. अट एकच, इथे धर्मप्रचार नको. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं.

ठिणगी पडली ती एका दारावरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत लेकीसोबत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांचं म्हणणं, हे थांबवा. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण स्वतःच्या घरात लपून प्रार्थना करणार नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालक मुलींना घेऊन गेले.

आता दुसरी बाजूही ऐका, जर्नालिझमच्या पहिल्या लेक्चरला हेच शिकवतात. पालकांनी आपल्या विधवा लेकी रानडे-भांडारकरांच्या नावावर विश्वास ठेवून पाठवल्या होत्या. त्या विश्वासाचं ओझं या दोघांवर होतं. म्हणजे इथे कुणी व्हिलन नाही. म्हणूनच तर जास्त दुखतं ना!

बरं, ख्रिस्ती मंडळी तरी सगळी पाठीशी होती का? तसंही नाही. चर्च सांगेल ते मुकाट्याने मानायचं नाही, या स्वभावामुळे वाँटेजच्या सिस्टर्सशीही त्यांचे खटके उडाले होते. इकडे धर्म सोडला म्हणून राग, तिकडे प्रश्न विचारते म्हणून नाराजी.

मग त्यांनी काय केलं? सदन बंद केलं नाही. दारही लावलं नाही. उरलेल्या मुलींना घेऊन पुण्यातच राहिल्या. तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईचं घर दुष्काळाने खाल्लं होतं, ती तिथे जाऊन शेकडो अनाथ मुली आणि विधवांना घेऊन आली. केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. थोड्याच वर्षांत तिथे दोन हजारांच्या आसपास जणी राहत होत्या. शिकत होत्या, शेती करत होत्या, छापखानाही चालवत होत्या.

आणि रमाबाई? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणत होत्या. त्यात येशूच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट आहे. सोबत जेवलेल्यांपैकी एक त्याला पकडून देतो, बाकीचे पळतात आणि अगदी जवळचा पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणतो, मी याला ओळखत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच पेत्राला पुढे पुन्हा जवळ घेतलं जातं. या पानासाठी मराठी शब्द शोधताना रमाबाईंना कोण कोण आठवलं असेल, विचार करा.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

पुणे-दौंड गाडीत कधी बसलात, तर केडगाव स्टेशन आल्यावर मोबाइलमधून डोकं वर काढा. 'मुक्ती' आजही तिथे सुरू आहे. आणि सोडून गेलेल्या त्या मित्राचा नंबर ब्लॉक करण्याआधी एक रात्र थांबा. आपलं म्हणणं सोडू नका, पण दार उघडं असू द्या.