मधल्या सुट्टीतले रसायनशास्त्र

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोर डब्याकडे धावते. हा नियम लंडनला लागू आहे आणि लातूरलाही. पण १८५१-५२च्या सुमारास 'सिटी ऑफ लंडन स्कूल' या शाळेतला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोनदा जेवणावर पाणी सोडून भलत्याच वर्गात जाऊन बसत असे. तिथे टॉमस हॉल नावाचे शिक्षक रसायनशास्त्रावर व्याख्यान देत आणि प्रयोग करून दाखवत. शाळेच्या वेळापत्रकात या विषयाला जागा नव्हती, म्हणून जेवणाच्या सुट्टीचा वेळ. आणि तरीही ही शाळा पुढारलेली म्हणायची, कारण त्या काळच्या बहुतेक इंग्रजी शाळांत रसायनशास्त्राला तेवढीही जागा मिळत नसे.

मुलाचे नाव विल्यम हेन्री पर्किन. जन्म १२ मार्च १८३८चा, लंडनच्या ईस्ट एंड भागातला. सात भावंडांत हा धाकटा. वडील सुतारकामातून वर येऊन घरे बांधण्याच्या धंद्यात स्थिरावलेले. धाकट्याने वास्तुविशारद व्हावे ही त्यांची इच्छा, आणि ती अवाजवीही नव्हती. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. पण तेरावे लागण्याच्या सुमारास एका मित्राने त्याला स्फटिक तयार करून दाखवले. साध्या पाण्यातून रेखीव, टोकदार आकार आपोआप उभे राहतात हे त्याने पाहिले आणि नकाशे-आराखडे मागे पडले.

हॉल यांच्याविषयी इथे थोडे सांगायला हवे, कारण अशी माणसे इतिहासात तळटीपेपुरतीच उरतात. ते स्वतः ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांचे विद्यार्थी. हॉफमन म्हणजे १८४५ साली लंडनमध्ये निघालेल्या 'रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री'चे जर्मन संचालक. त्यामुळे हॉल शाळेतल्या मुलांपुढे मांडत ते पुस्तकी घोकंपट्टीचे रसायनशास्त्र नव्हते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जे शिकले, तेच ते शाळेत आणत होते. विल्यमची ओढ पाहून त्यांनी त्याला व्याख्यानाच्या प्रयोगांची मांडामांड करायला मदतनीस म्हणून घेतले. नळ्या धुणे, द्रावणे तयार ठेवणे, उपकरण जोडून ते गळत नाही ना हे पाहणे, ही सगळी हमाली. पण चौदाव्या वर्षी हात या कामाला सरावले. हॉल यांच्याच सांगण्यावरून त्याने थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना पत्र लिहिले आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमधली त्यांची शनिवारची व्याख्याने ऐकण्याची परवानगी मिळवली.

आपल्याकडे दहावीनंतर मुलगा 'सायन्स'ला गेला की आईबापांना गड सर केल्यासारखे वाटते. पर्किनांच्या घरी नेमके उलटे होते. रसायनशास्त्र शिकून पोटाला काय मिळणार, हा बापाचा प्रश्न होता, आणि १८५३ सालच्या इंग्लंडमध्ये त्याला कुणाकडेही खणखणीत उत्तर नव्हते. हॉल यांनी वडिलांची एकदा नव्हे, अनेकदा गाठ घेतली. अखेर वडील नमले आणि पंधराव्या वर्षी विल्यम हॉफमन यांच्या कॉलेजात दाखल झाला.

तिथला पहिला अभ्यासक्रम पदार्थांच्या पृथक्करणाचा. ज्याने शाळेतच हात भाजून घेतले होते, त्याला तो जड जाण्याचे कारण नव्हते. तो पार करून विल्यम संशोधनाला भिडला आणि सतराव्या वर्षी हॉफमन यांचा साहाय्यक झाला. दिवसभर गुरूंचे काम. स्वतःच्या मनातले प्रयोग करायचे ते रात्री आणि सुट्टीत, घरी थाटलेल्या छोट्या प्रयोगशाळेत.

१८५६च्या ईस्टरच्या सुट्टीत त्याने एक मोठाच डाव मांडला. हिवतापावरचे क्विनाइन तेव्हा फक्त सिंकोना झाडाच्या सालीतून मिळे. ती साल दक्षिण अमेरिकेतून येई आणि महाग पडे; हिंदुस्थानासारख्या हिवतापाच्या मुलखात राज्य करणाऱ्यांना तर ते हवेच होते. हे औषध दगडी कोळशाच्या डांबरातल्या पदार्थांपासून बनवता येईल का, हा विचार हॉफमन यांनी पूर्वीच मांडला होता. विल्यमने हिशेब केला. क्विनाइनच्या रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू. ॲलिल-टोल्युइडिन या पदार्थात कार्बनचे १०, हायड्रोजनचे १३ आणि नायट्रोजनचा १. त्याचे दोन रेणू घ्यायचे, त्यांना ऑक्सिजन द्यायचा, पाण्याचा एक रेणू वजा करायचा, की बेरीज तंतोतंत जुळते!

कागदावर जुळते. पण विटांची संख्या सारखी म्हणून दोन घरे सारखी होत नाहीत, हे घरे बांधणाऱ्याच्या मुलालाही तेव्हा कळण्यासारखे नव्हते. रेणूत अणू कसे रचलेले असतात हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. क्विनाइन रचण्याची वाट पुढे १९४४ साली वुडवर्ड आणि डोअरिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवली. विल्यमच्या हाती लागला तांबूस-तपकिरी गाळ.

मला या चरित्रातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो तो यानंतरचा. परीक्षेपुरते शिकलेल्या मुलाने तो गाळ मोरीत ओतला असता. विल्यमने हीच क्रिया अधिक साध्या पदार्थावर, ॲनिलिनवर करून पाहिली. या वेळी निघाला काळाकुट्ट गाळ. तो त्याने धुतला, वाळवला, अल्कोहोलमध्ये घातला, आणि अल्कोहोल जांभळे झाले. त्यात नशिबाचाही भाग होताच. त्याच्या ॲनिलिनमध्ये टोल्युइडिनची भेसळ होती. शुद्ध ॲनिलिन असते तर तो जांभळा रंग निघालाच नसता. त्या रंगद्रव्याची नेमकी रचना तर १९९४ साली उलगडली. पण गाळात रंग दडला आहे हे पाहायला आधी गाळाशी थांबावे लागते, आणि ती सवय त्याला सुट्टीतल्या त्या वर्गातच लागली असली पाहिजे.

मित्र आर्थर चर्च आणि मोठा भाऊ टॉमस यांच्या मदतीने त्याने आणखी रंग तयार केला, रेशीम रंगवून पाहिले आणि नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर यांच्या रंगशाळेकडे पाठवला. उत्तर आशादायक आले. ऑगस्ट १८५६मध्ये पेटंटचा अर्ज गेला तेव्हा विल्यमचे वय अठरा.

आता कॉलेज सोडून कारखाना काढायचा होता. हॉफमन नाराज झाले. हाताशी आलेला शिष्य संशोधनाला मुकणार असे त्यांना वाटले, आणि ती भीती खोटी नव्हती. पर्किनच्या स्वतःच्या मनातही ती होती. उलट, रसायनशास्त्रात पोट भरत नाही म्हणणाऱ्या बापाने आयुष्याची कमाई या कारखान्यात घातली. हा धंदा बुडता तर सगळे घर रस्त्यावर आले असते.

लंडनजवळ ग्रीनफर्ड ग्रीन इथे कालव्याकाठी कारखाना उभा राहिला. तिथे लागणारी कितीएक उपकरणे बाजारात मिळतच नव्हती. ती पर्किननाच योजावी लागली. पुढचा अडथळा सुताचा. रेशीम रंग चटकन धरी, सूत धरीना. त्यासाठी टॅनिनचा उपाय शोधावा लागला. या रंगाला पुढे 'मोव्ह' हे फ्रेंच नाव पडले आणि पॅरिस-लंडनच्या बायकांनी तो डोक्यावर घेतला. जानेवारी १८५८मध्ये मुलीच्या लग्नात खुद्द व्हिक्टोरिया राणीचा पोशाख जांभळ्या छटेचा होता. गंमत म्हणजे, नाराज झालेले हॉफमनही काही वर्षांतच ॲनिलिनच्या रंगांवर संशोधन करू लागले.

१८६९मध्ये पर्किननी मॅडरच्या मुळांतले लाल रंगद्रव्य, ॲलिझरिन, स्वस्तात बनवण्याची रीत काढली; मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. पेटंटचा अर्ज जर्मन स्पर्धकांनंतर एका दिवसाने पोहोचला! तरी आपसात तडजोड झाली आणि १८७३पर्यंत त्यांचे वर्षाचे उत्पादन ४०० टनांहून अधिक झाले. फ्रान्समधली मॅडरची शेते मात्र यात उजाड झाली. १८९७मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली तेव्हा तेच बंगाल-बिहारच्या निळीच्या वाट्याला आले. त्या निळीने तिथल्या रयतेला आधीच पिळून काढले होते, ही गोष्ट वेगळी.

१८७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पर्किननी कारखाना विकून टाकला आणि ते संशोधनाकडे परतले. हॉफमन यांची भीती त्यांनी अशी उशिरा, पण पुरती खोटी ठरवली. खरे तर कारखाना चालू असतानाही ते थांबले नव्हते. सुगंधी द्रव्यात वापरले जाणारे कुमारिन त्यांनी १८६८मध्येच प्रयोगशाळेत बनवले होते. १९०६मध्ये मोव्हच्या शोधाला ५० वर्षे झाली. त्या वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला आणि जर्मन केमिकल सोसायटीने गुरूच्याच नावाचे हॉफमन पदक दिले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ रोजी ते वारले.

त्यांचे तिन्ही मुलगे रसायनशास्त्रातच गेले. थोरला, बापाच्याच नावाचा, मँचेस्टरला आणि मग ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. त्याचे विद्यार्थी रॉबर्ट रॉबिन्सन पुढे नोबेलचे मानकरी ठरले. रॉबिन्सन यांच्याकडे मँचेस्टरला शिकलेले कृष्णस्वामी वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले. माटुंग्याला ते विद्यार्थ्यांना रंगांचे रसायनशास्त्र शिकवत, आणि १९५७मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून पाषाण रस्त्यावर आले.