निकोलाय वाव्हिलोव: बियाण्यासाठी जगलेला शास्त्रज्ञ आणि आपला हुलगा

शिराळा तालुक्यात पश्चिमेला चांदोलीकडे भात आणि वारणाकाठी ऊस, त्यामुळे हुलग्याकडे आपले लक्ष कमीच जाते. पण तुमच्या घरात आजीने राखेत घालून ठेवलेले हुलग्याचे गावरान बी अजून असेल, तर एका रशियन शास्त्रज्ञाची गोष्ट तुम्हाला माहीत हवी.

दुष्काळाने घडवलेला माणूस

निकोलाय वाव्हिलोव यांचा जन्म १८८७ मध्ये मॉस्कोत झाला. त्या काळी रशियात दुष्काळ वारंवार पडत. भूक मिटवायची तर चांगले वाण हवेत, हे ठरवून ते कृषी शिकले आणि पुढे इंग्लंडमध्ये जाऊन अनुवंशशास्त्राचा अभ्यास केला. १९१७ मध्ये ते सारातोव्ह येथे प्राध्यापक झाले.

तिथेच १९२० मध्ये त्यांनी एक नियम मांडला. जवळच्या नात्यातील पिकांमध्ये सारखेच फरक आढळतात, असा तो नियम. आपल्या कामाला तो असा येतो: मूग-उडदात बुटकी, उभी वाढणारी झाडे मिळतात. मग वेलासारख्या पसरणाऱ्या हुलग्यातही तशी झाडे असू शकतात. ती शोधली पाहिजेत.

जगभरातून गोळा केलेले बी

१९२१ पासून पेट्रोग्राड (पुढचे लेनिनग्राड) येथील संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे देश ते फिरले. बाजारात, खळ्यावर, शेताच्या बांधावर थांबून मूठ-मूठ बी घेतले आणि ते कुठे मिळाले याची नोंद ठेवली. १९४० पर्यंत संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना यांनी मसूर या कडधान्यातील विविधतेवर १९३० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला.

पीक जिथे फार जुने असते, तिथे त्याचे सर्वाधिक प्रकार सापडतात, हे वाव्हिलोव यांनी १९२६ मध्ये मांडले. पुढे यात काही दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. हुलग्याची लागवड भारतातच सुरू झाली. म्हणजे या पिकाचे गावरान बी आपल्या शेतातून गेले, तर ते दुसरीकडून मागवता येईल याची खात्री नाही.

उपाशी राहून जपलेले बी

झटपट उत्पादनवाढीचे आश्वासन देणाऱ्या लिसेन्को यांना स्टालिनच्या सरकारचा पाठिंबा मिळाला. त्यांना विरोध करणारे वाव्हिलोव ऑगस्ट १९४० मध्ये पकडले गेले. आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती २० वर्षांच्या कैदेत बदलली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा अंत झाला. युद्धामुळे त्यांची पत्नी आणि मुलगा त्याच शहरात राहत होते, पण ते इथेच आहेत हे त्यांना कळले नाही.

तिकडे लेनिनग्राडला जर्मन सैन्याने सुमारे ९०० दिवस वेढा घातला. संस्थेत तांदूळ, भुईमूग, वाटाणा भरून होता. तरी कर्मचाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. अनेक जण भुकेने गेले. त्यात भुईमुगाचे तज्ज्ञ शुकिन आणि भाताचे तज्ज्ञ इवानोव होते. बी मात्र वाचले. १९५५ मध्ये सरकारने वाव्हिलोव यांना निर्दोष ठरवले.

तुम्ही काय करायचे?

हुलगा स्वपरागसिंचित पीक आहे. त्यामुळे गावरान बियाण्यात अनेक वेगवेगळे प्रकार एकत्र असतात. पैदासकार त्यातूनच लवकर येणारे, केवडा रोगाला कमी बळी पडणारे, शेंगा न फुटणारे झाड निवडतात.

* गावरान बियाण्यात नवे वाण मिसळू नका. ते वेगळे पेरा, वेगळे मळा.
* चांगले झाड दिसले तर खूण करा, त्याचे बी स्वतंत्र ठेवा आणि पुढच्या हंगामात त्याची वेगळी ओळ पेरा.
* तांबूस, करडे, काळे, ठिपकेदार असे दाणे निवडून फेकू नका. मिश्र बियाण्याचा एक नमुना तसाच राखून ठेवा.
* बी ८ ते ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून हवाबंद डब्यात ठेवा, म्हणजे भुंगेरा लागण्याचा धोका कमी होतो.
* चिठ्ठीवर गाव, जमीन, पेरणी-काढणीची तारीख आणि बी कोणाकडून आले ते लिहा.

कृषी सहायकांनी असे नमुने कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठापर्यंत पोहोचवावेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.

वेढ्यात अडकलेल्या माणसांनी उपाशीपोटी बी जपले. आपल्याला तर एक डबा आणि एक चिठ्ठी एवढेच लागते. यंदाच्या पेरणीआधी घरातले हुलग्याचे बी एकदा काढून बघा.