संरक्षणाचे भांडवल

गोवंडीच्या पूर्वेकडील ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. खाडीच्या पश्चिम तीरास २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु दर्जा मिळणे निराळे आणि संरक्षण टिकणे निराळे. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना डॉ. सालिम अली यांच्या चरित्राकडे वळणे उद्बोधक ठरेल.

१८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले सालिम अली बालपणीच पोरके झाले व मामांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेशी जडलेला संबंध १९८७ मधील मृत्यूपर्यंत टिकला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तो वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! त्या बेकारीत त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याचा संसार न्याहाळला आणि नोंदी केल्या. पुढे सोसायटी आर्थिक अडचणीत येताच त्यांनी पंडित नेहरूंकडून साहाय्य मिळविले. १९७६ मध्ये लाभलेल्या पॉल गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंरक्षण निधीस दिले. अर्थशास्त्राच्या भाषेत, व्यक्तीच्या प्राप्तीचे त्यांनी संस्थेच्या भांडवलात रूपांतर केले.

तथापि या भांडवलाची खरी कसोटी भरतपूरला लागली. तेथील पाणथळ जागा वाचविण्यात सालिम अलींचा मोठा वाटा होता. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि गुराढोरांच्या चराईवर बंदी आली. या बंदीस त्यांचा पाठिंबा होता. विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर गोळीबार होऊन काहींचे प्राण गेले. पुढे म्हशी नाहीशा झाल्याने गवत माजले व पक्ष्यांना हवे असलेले मोकळे पाणी आक्रसले. हा निष्कर्ष काढला तो सोसायटीच्याच दीर्घकालीन अभ्यासाने, सालिम अलींच्या निधनानंतर.

यात त्यांचा पराभव मुळीच नाही. उलट, आपल्या आधारस्तंभाची चूकही दाखवू शकणारी संस्था मागे राहिली, हेच त्यांचे मोठे यश होय. ठाणे खाडीसही केवळ अधिसूचना पुरणार नाही. वर्षानुवर्षे होणारी पक्षिगणना, तीस पुरणारा कायम निधी आणि काठावरच्या कोळी बांधवांचा निर्णयात वाटा, एवढे हवेच. अन्यथा दर्जा कागदावर राहील आणि खाडी मात्र रिती होईल.