सालबाईचे महादजी

आपण ग्वाल्हेरकर महादजी शिंदे यांना पानिपतचे वीर म्हणून ओळखतो. १७६१ च्या त्या रणात त्यांचा पाय कायमचा अधू झाला. १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्लाही घेतला. तरीही १७ मे १७८२ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सालबाई येथे महादजींनी मराठे व इंग्रज यांच्यात तह घडवून आणला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली. तह पाळला जाईल, अशी हमी दोन्ही पक्षांना त्यांनीच दिली. मात्र ते गाफील राहिले नाहीत. द बॉयनच्या हाताखाली कवायती फौज उभारली. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस ते निवर्तले आणि १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. शांतता राखण्यासही सामर्थ्य व सावधपणा लागतो, हेच आम्हांला त्यांचे मोठेपण वाटते.