विश्लेषण : अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकणारा मराठी तरुण लाहोरच्या फासापर्यंत कसा पोहोचला? कोण होते विष्णू गणेश पिंगळे?

इंजिनीअरिंगची तीन वर्षे इथे आणि शेवटचे वर्ष परदेशात, असा पर्याय आता भिवंडी-कल्याणकडच्या घरांतही चर्चेत असतो. खर्च किती, व्हिसा मिळेल का आणि शिक्षण अर्धवट राहिले तर काय, हे प्रश्न ओघाने येतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या एका मराठी विद्यार्थ्याने मात्र पदवी स्वतःहून सोडली. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर मध्यवर्ती तुरुंगात त्याला फाशी झाली. विष्णू गणेश पिंगळे हे त्याचे नाव.

अमेरिकाच का?

पिंगळे यांचा जन्म १८८८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथे झाला. शिक्षण मात्र दुसऱ्या तळेगावात, म्हणजे तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालयात. (या दोन गावांची गल्लत अनेकदा होते.) अण्णासाहेब विजापूरकरांची ही राष्ट्रीय शाळा ब्रिटिश सरकारने बंद पाडली. स्वदेशी उद्योग उभारायचे तर यंत्रे कळायला हवीत, असे वातावरण तेव्हा होते. पण भारतातील इंजिनीअरिंग कॉलेजांचा भर रस्ते, पूल, कालवे बांधणारे सरकारी नोकर तयार करण्यावर होता. यंत्रविद्येसाठी मुले जपान, अमेरिकेकडे पाहत. पिंगळे १९११च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकू लागले.

पदवी का सोडली?

त्या किनाऱ्यावर पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत राबत होते आणि त्यांच्याविरुद्ध उघड द्वेष होता. सिएटलच्या उत्तरेकडील बेलिंगहॅममध्ये १९०७ साली जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते. १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली ती याच मजुरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बळावर. पिंगळे तिच्यात सामील झाले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, इंग्लंड अडकले आणि हीच उठावाची वेळ असे गदरने ठरवले. पदवी हाती येण्याची वाट न पाहता पिंगळे परत निघाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये ते कोलकात्यात उतरले. याच सुमारास बर्कलेतील शिक्षण सोडून कर्तारसिंग सराभाही परतले.

पुढे काय झाले?

पिंगळे बनारसला रासबिहारी बोस यांना भेटले. बंगालचे क्रांतिकारक आणि पंजाबात परतलेले गदरवाले यांच्यातला दुवा ते झाले. पंजाबात त्यांना ना भाषेचा आधार होता, ना नात्यागोत्याचा. तरी त्यांच्यावर विश्वास टाकला गेला, हे विशेष. छावण्यांतील भारतीय सैनिकांनी २१ फेब्रुवारी १९१५ रोजी उठाव करायचा, असे ठरले. किरपालसिंग या खबऱ्यामुळे बेत फुटल्याचा संशय येताच तारीख १९ वर आणली, पण तीही पोलिसांना कळली. धरपकड सुरू झाली.

लपून बसण्याऐवजी पिंगळे मेरठच्या छावणीत गेले. मार्चमध्ये १२व्या घोडदळाच्या बराकीत ते पकडले गेले. जवळ दहा बॉम्ब होते. अर्धी पलटण उडवायला ते पुरेसे होते, अशी नोंद पुढे रौलट समितीच्या अहवालात झाली.

लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात २४ जणांना फाशी सुनावण्यात आली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी १७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सातांत पिंगळे आणि सराभा होते. पिंगळे तेव्हा २७ वर्षांचे होते, सराभा १९.