राष्ट्र नसलेल्यांचे पारपत्र

पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात लाखो माणसे अशी होती, की त्यांना स्वतःचा देश उरला नव्हता. त्यांतील सुमारे साडेचार लाख जणांच्या हाती पुढे एक साधा कागद आला आणि त्याच्या आधारे त्यांनी सीमा ओलांडल्या, कामधंदा शोधला, संसार उभे केले. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की, चित्रकार शगाल आणि लेखक नाबोकोव्ह यांचाही त्यांत समावेश होता. त्या कागदाला जग ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून ओळखते. ज्यांच्या नावाने तो ओळखला गेला, ते फ्रित्यॉफ नान्सेन मुळात मुत्सद्दी नव्हते आणि धर्मादाय संस्थांचे कार्यकर्तेही नव्हते. ते नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रविज्ञानाचे प्राध्यापक आणि उत्तर ध्रुवप्रदेशाचे धाडसी संशोधक होते. संकटग्रस्तांना मदत करायची, तर सद्भावनेइतकीच शिस्तबद्ध योजनाही लागते, हे त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाने जगाला दाखवून दिले.

बर्फातील शिस्त

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ओस्लोजवळ झाला. वडील वकील होते. बर्फावरून घसरत दूरदूर भटकण्याचा छंद त्यांना लहानपणापासूनच होता. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले. १८८२ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून ते ग्रीनलंडच्या समुद्रात गेले आणि त्या प्रदेशाने त्यांना कायमची भुरळ घातली. पुढे बर्गेनच्या संग्रहालयात काम करीत असताना त्यांनी मज्जासंस्थेवर संशोधन केले. १८८८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी पाच साथीदारांसह त्यांनी ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार ओलांडले. प्रवासाची दिशा त्यांनी मुद्दाम उलटी ठरविली होती. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्याकडे जायचे, म्हणजे माघारीचा मोहच उरत नाही, असा त्यांचा विचार होता. हे वरवर दुस्साहस वाटे. पण हलक्या घसरगाड्यांपासून इंधन वाचविणाऱ्या चुलीपर्यंत प्रत्येक वस्तू त्यांनी पारखून घेतली होती.

१८९३ मध्ये ‘फ्राम’ या जहाजातून निघालेली त्यांची मोहीम याहून मोठी होती. बर्फाचा दाब आला की चिरडले जाण्याऐवजी वर उचलले जावे, अशा गोलसर बांधणीचे ते जहाज होते. ते सैबेरियाच्या उत्तरेला गोठू द्यायचे आणि बर्फाच्या प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे, ही कल्पना अनेक जाणकारांनी वेडगळ ठरविली होती. प्रवाह ध्रुवापर्यंत नेणार नाही, हे लक्षात येताच नान्सेन आणि ह्याल्मार योहान्सेन जहाज सोडून पायी निघाले. एप्रिल १८९५ मध्ये ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर कोणीही इतके उत्तरेला गेले नव्हते. ध्रुव समोर खुणावत असतानाही शिधा आणि ऋतू यांचा हिशेब करून त्यांनी परतीचा निर्णय घेतला. दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत त्यांनी ध्रुवप्रदेशातील हिवाळा काढला आणि १८९६ मध्ये दोघेही सुखरूप मायदेशी परतले.

या कीर्तीचा उपयोग देशालाही झाला. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा देशाची बाजू मांडणाऱ्यांत नान्सेन अग्रभागी होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी नॉर्वेचे प्रतिनिधित्व केले. महायुद्धाच्या काळात ते वॉशिंग्टनला गेले आणि देशासाठी धान्यपुरवठ्याचा करार घडवून आणला. अन्न, जहाजे आणि राजकारण यांची सांगड कशी असते, याचा हा त्यांचा पहिला मोठा अनुभव होता.

कैद्यांची घरवापसी

युद्ध १९१८ मध्ये थांबले. तरीही लाखो युद्धकैदी अडकून पडले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे सैनिक रशियात, सैबेरियात होते. रशियाचे सैनिक जर्मनीत होते. उपासमार, थंडी आणि रोगराई यांत माणसे मरत होती. एप्रिल १९२० मध्ये राष्ट्रसंघाने हे काम नान्सेन यांच्यावर सोपविले.

पहिलीच अडचण मोठी होती. सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानत नव्हते आणि राष्ट्रसंघातील प्रमुख देश सोव्हिएत सरकारला मान्यता देत नव्हते. नान्सेन यांनी मान्यतेचा वाद बाजूला ठेवला आणि मॉस्कोशी वैयक्तिक पातळीवर बोलणी केली. निधी तुटपुंजा होता. बाल्टिक समुद्रातील नार्वा आणि श्टेटिन या बंदरांदरम्यान जहाजांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दिशेने जर्मन आणि ऑस्ट्रियन कैदी, परतीच्या फेरीत रशियन कैदी, अशी आखणी होती. रेडक्रॉसच्या साह्याने १९२२ पर्यंत सव्वाचार लाखांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली.

दुष्काळ आणि संशय

हे काम चालू असतानाच १९२१ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. अवर्षण हे एक कारण होते. पण महायुद्ध, यादवी आणि शेतकऱ्यांकडून झालेली सक्तीची धान्यवसुली यांनी गावे आधीच पोखरली होती. व्होल्गा नदीच्या खोऱ्यात लोक गवत, झाडाची साल आणि मातीवर दिवस काढीत होते.

ऑगस्ट १९२१ मध्ये जिनिव्हात भरलेल्या परिषदेने नान्सेन यांना मदतकार्याचे प्रमुख नेमले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राष्ट्रसंघाच्या सभेपुढे सरकारांकडून ५० लाख पौंडांचे कर्ज मागितले. एका युद्धनौकेला लागणाऱ्या पैशाच्या निम्मी ही रक्कम असल्याचे त्यांनी प्रतिनिधींच्या निदर्शनास आणून दिले. पण या मदतीने बोल्शेविक सत्ता बळकट होईल, ही भीती अधिक प्रबळ ठरली आणि मागणी फेटाळली गेली. नान्सेन थांबले नाहीत. ते स्वतः दुष्काळग्रस्त भागात गेले, छायाचित्रे घेतली आणि ती दाखवीत युरोपभर व्याख्याने देऊन निधी गोळा केला. स्वयंसेवी संस्था त्यांच्या छत्राखाली आल्या. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेने सारातोव्ह भागात मुलांसाठी अन्नछत्रे चालविली.

तरीही मदतीचा खरा भार उचलला तो हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकी संघटनेने. १९२२ च्या उन्हाळ्यात ती रोज एक कोटीहून अधिक लोकांना अन्न देत होती. दोघांच्या पद्धतीत एक महत्त्वाचा फरक होता. अन्नवाटपाची सूत्रे आपल्याच माणसांच्या हाती राहतील, अशी अट हूव्हर यांनी घातली. नान्सेन यांच्या करारात सोव्हिएत सरकारच्या प्रतिनिधीलाही देखरेखीत वाटा होता आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. देणाऱ्यांचा विश्वास टिकवायचा असेल, तर वाटपावर स्वतंत्र नजर हवी, हा त्या टीकेतील मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. मोडकळीस आलेली रेल्वे ही आणखी एक अडचण होती. बंदरात आलेले धान्य गावापर्यंत वेळेत पोहोचत नसे. या दुष्काळात सुमारे ५० लाख लोक दगावल्याचा अंदाज आहे. कर्जाची मागणी मान्य झाली असती, तर त्यांतील किती वाचले असते, हा सल नान्सेन यांच्या मनातून कधी गेला नाही.

कागदाचे मोल

रशियातील क्रांती आणि यादवीमुळे देशाबाहेर पडलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. १९२१ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व रद्द केले. ही माणसे कोणत्याच देशाची राहिली नाहीत. कागदपत्रांशिवाय दुसऱ्या देशात जाता येत नव्हते आणि आहे तेथे काम मिळत नव्हते.

राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त म्हणून नान्सेन यांनी या प्रश्नाचे मूळ नेमके हेरले. अन्न दोन वेळची भूक भागवते. कागद माणसाला स्वतःच्या पायावर उभे राहू देतो. जुलै १९२२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जिनिव्हात करार झाला आणि रशियन निर्वासितांसाठी ओळखपत्र तयार झाले. १९२४ मध्ये ते आर्मेनियन निर्वासितांना आणि १९२८ मध्ये असिरियन व इतर काही समूहांना लागू झाले. पुढे पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. सुरुवातीला या कागदावर ते देणाऱ्या देशात परतण्याचा हक्क मिळत नसे. १९२६ च्या कराराने ती उणीव बऱ्याच अंशी दूर केली. ऐपत असलेल्या निर्वासितांनी नान्सेन यांचे चित्र असलेले तिकीट विकत घ्यावे आणि तो पैसा गरजू निर्वासितांच्या कामी यावा, अशी सोयही करण्यात आली.

१९२२ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम त्यांनी मदतकार्याला दिली. त्याच सुमारास ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्धानंतर लोकसंख्येच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पुढे आला. त्यात नान्सेन यांचा मोठा वाटा होता. १९२३ च्या कराराने ती सक्तीची झाली. सुमारे १२ लाख ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि साडेतीन लाखांहून अधिक मुस्लिम यांना आपली जन्मभूमी कायमची सोडावी लागली. आंतरराष्ट्रीय कर्ज मिळवून ग्रीसमधील निर्वासितांना शेती आणि घरे देण्याचे काम मोठे होते. पण माणसांना त्यांच्या मनाविरुद्ध उपटून दुसरीकडे लावण्याला मान्यता मिळाली, हा आक्षेप आजही इतिहासकार घेतात. आर्मेनियन निर्वासितांना सोव्हिएत आर्मेनियात वसविण्याच्या योजनेसाठी ते १९२५ मध्ये स्वतः तेथे जाऊन आले, अहवाल दिला, सरकारांचे उंबरठे झिजविले. मात्र, पुरेसा पैसा उभा राहिला नाही.

१३ मे १९३० रोजी ओस्लोजवळच्या राहत्या घरी नान्सेन यांचे निधन झाले. नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी, १७ मे रोजी, त्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या निर्वासित कार्यालयाला १९३८ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय स्थापन झाले. १९५४ पासून ते निर्वासितांसाठी झटणाऱ्यांना नान्सेन यांच्या नावाने पुरस्कार देते.

१९५१ च्या निर्वासित कराराने निर्वासितांना प्रवासाचे कागदपत्र देण्याची जबाबदारी सही करणाऱ्या देशांवर टाकली. हे कागदपत्र नान्सेन पारपत्राचेच वारस आहे. मदतीचा पैसा कोणी द्यायचा, वाटपावर नजर कोणाची आणि राजकीय वैरापुढे भुकेल्या माणसाचे काय, हे १९२१ च्या सभेत अनुत्तरित राहिलेले प्रश्न मात्र प्रत्येक नव्या संकटात मदतकार्यापुढे उभे ठाकतात. नान्सेन यांना त्यांची सगळी उत्तरे सापडली नाहीत. पण ती शोधण्याचे काम सरकारांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, हे त्यांनी कृतीने सांगितले.