शेठ वालचंद हिराचंद : रावळगावचा माळ ते कुर्ल्याचा मोटार कारखाना

नाशिक, प्रतिनिधी

मालेगाव तालुक्यातील रावळगाव हे नाव महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना माहीत झाले ते गोळीच्या वेष्टणामुळे. मुंबई-नाशिक रस्त्यावर कसारा घाट चढणारी काळी-पिवळी फियाट टॅक्सीही त्याच पिढ्यांच्या ओळखीची. ओझरच्या कारखान्यातून उडणारी लढाऊ विमाने तर नाशिककरांना रोजचीच. गोळी, मोटार आणि विमान या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहता वाटणार नाही. मात्र या तिन्हींचा माग काढत गेले, की तो एकाच माणसापाशी येऊन थांबतो. तो माणूस म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात वालचंद यांचा जन्म झाला. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी आणि कापसाच्या व्यापारात होते; पण धर्मसुधारणेच्या चळवळीतही त्यांचे नाव होते. मुलाने शिकावे ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे वालचंद सोलापुरातून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले. परंतु पदवीपर्यंत ते पोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमणारे नव्हते. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीकडे वळू पाहणारे लक्ष्मणराव बळवंत फाटक त्यांना भेटले आणि १९०३ मध्ये ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी उभी राहिली. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीची सुरुवात झाली. पुढे बोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिन्या अशी मोठी कामे वालचंदांच्या हातून झाली. १९२६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी पुढे देशातील अग्रगण्य बांधकाम कंपन्यांत गणली गेली.

कंत्राटदारीत पैसा मिळत होता. त्यावर समाधान मानणे सहज शक्य होते. वालचंदांच्या स्वभावात मात्र ते बसत नव्हते. ज्या धंद्यात इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असेल, नेमक्या त्याच धंद्यात शिरण्याची त्यांना ओढ असे.

‘लॉयल्टी’ची सफर

याचा पहिला प्रत्यय १९१९ मध्ये आला. पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरलेली, ग्वाल्हेरच्या महाराजांच्या मालकीची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस निघाली होती. नरोत्तम मोरारजी आदी मित्रांना सोबत घेऊन वालचंदांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्या सफरीतून पैसा मिळाला नाही. बोट जुनी होती आणि समोर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांची अवाढव्य ताकद होती. भाडे पाडून नव्या कंपनीला बुडवण्याचा डाव सुरू झाला. त्यात टिकण्यासाठी सिंदियाला १९२३ मध्ये किनारपट्टीच्या वाहतुकीपुरते बंधन घालून घेणारा करारही पत्करावा लागला. पण कंपनी टिकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

रावळगावचा माळ

सिंदियाची ही झुंज चालू असतानाच, १९२३ मध्ये, वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात पाऊल ठेवले. मालेगावजवळ रावळगाव येथे सुमारे दीड हजार एकर जमीन त्यांनी घेतली. ती खडकाळ आणि पडीक होती. दगड काढणे, जमीन सपाट करणे, पाणी खेळवणे आणि मग ऊस लावणे, असा हा वर्षानुवर्षांचा खटाटोप होता. शेतीही कारखान्याच्या शिस्तीने करता येते, हे वालचंदांना दाखवून द्यायचे होते.

१९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिले आणि देशभर साखर कारखाने निघू लागले. रावळगावचा कारखाना १९३३ मध्ये उभा राहिला. इंदापूर तालुक्यातील कळंब येथेही असाच प्रयोग झाला आणि त्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. १९४२ मध्ये रावळगावात साखरेबरोबर गोळ्याही बनू लागल्या. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ या नावांनी ते गाव देशभर पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नाममुद्रा रिलायन्स समूहाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतली.

संरक्षण मिळताच साखरेचा धंदा कसा फोफावतो, हे वालचंदांनी रावळगावात डोळ्यांनी पाहिले. मोटारीच्या बाबतीत मात्र सरकारचा हात आखडता राहिला.

मोटारीचे स्वप्न

त्या काळी हिंदुस्थानात मोटारी धावत होत्या. पण त्या परदेशी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता आणि फोर्डही इथे मोटारी जुळवत होती. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे केवळ ते जोडले जायचे. मोटार सर्वार्थाने इथेच बनवावी, हा विचार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकात मांडला. युरोप-अमेरिकेचा दौरा करून त्यांनी योजनाही तयार केली. ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी वालचंदांनी अंगावर घेतली.

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये आलेले बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होते. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जुळली नाहीत. क्रायस्लरशी जुळली आणि १९४० मध्ये करार झाला. मात्र दरम्यान युद्ध पेटले होते, खेर मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि दिल्लीतील ब्रिटिश सरकारला या कारखान्यात रस नव्हता. लष्करासाठी इथल्या गाड्या घेण्याची हमी सरकारने दिली नाही. म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा विचारही पुढे सरकू शकला नाही. युद्धात लष्कराला हजारो वाहने लागत असताना ती देशात बनवू पाहणाऱ्या माणसाला मात्र ताटकळत बसावे लागले.

याच सुमारास जपानमध्ये काय घडत होते, हे पाहण्यासारखे आहे. तिथेही फोर्ड आणि जनरल मोटर्स यांचेच वर्चस्व होते. निसान कंपनी १९३३ मध्ये निघाली. त्याच वर्षी किइचिरो टोयोडा यांनी वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मोटार विभाग सुरू केला. जपानी सरकारने १९३६ मध्ये कायदा करून देशी मोटार उत्पादकांना संरक्षण दिले. परदेशी कंपन्यांचे बस्तान उठले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्रपणे उभी राहिली. हिंदुस्थान पारतंत्र्यात होता, जपान नव्हता. दोन उद्योजकांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या इथे.

विमान आणि जहाज

मोटारीचे काम अडले म्हणून वालचंद थांबले नाहीत. १९३९ मधील एका विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि त्या गप्पांतून विमान कारखान्याची कल्पना पुढे आली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी ती उचलून धरली. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली आणि १९४१ मध्येच तिथे जुळवलेले हार्लो प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. त्याच वर्षी जून महिन्यात विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली.

विमान कारखाना मात्र वालचंदांच्या हाती राहिला नाही. युद्धाच्या गरजेपोटी १९४२ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले; पण तो कारखानाही १९५२ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली गेला. आधी परक्या सरकारने आणि मग स्वकीयांच्या सरकारने वालचंदांचे उद्योग घेतले. पेरणी एकाने करावी आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर जावे, असे त्यांच्या बाबतीत दोनदा घडले.

बंगळूरची ती कंपनी १९६४ मध्ये एअरोनॉटिक्स इंडियामध्ये मिळवली गेली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, अस्तित्वात आली. मिग-२१ विमानांसाठी ओझरला उभारलेला प्रकल्प याच एचएएलचा भाग झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘तेजस एमके-१ए’ हे नाशिकमध्ये बांधलेले विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. त्या परंपरेचे पहिले पान वालचंदांनी लिहिलेले आहे.

कुर्ल्याची फियाट

मोटारीचा कारखाना अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने स्थापन झाला. मुंबईत कुर्ला येथे १९४७ मध्ये क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या तयार होऊ लागल्या. पाठोपाठ इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५१ पासून छोटी फियाट ५०० कुर्ल्यात जुळवली जाऊ लागली.

तोवर वालचंदांची प्रकृती साथ देईनाशी झाली होती. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि १९५० मध्ये ते उद्योगातून निवृत्त झाले. योगायोग असा, की किइचिरो टोयोडा यांनीही १९५० मध्येच आपल्या कंपनीचे अध्यक्षपद सोडले आणि मार्च १९५२ मध्ये ते निवर्तले. वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे निधन झाले. अखेरच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सोबत होत्या. वयाची सत्तर वर्षे त्यांनी पुरी केली होती.

ज्या गाडीमुळे त्यांची कंपनी घराघरांत पोचली, ती फियाट ११०० त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्ये बाजारात आली. वालचंदांनी ती पाहिली नाही. गोलमटोल आकारामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि तरीही तिच्यावर जीव लावला. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. नंतर ‘सिलेक्ट’ आली, मग ‘डिलाइट’. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढून फियाटच घेतली होती. त्यांच्यामागे ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिता शास्त्री यांनी फेडले.

मध्यमवर्गीय घरात फियाट येणे हा सोहळा असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्टीअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढे सलग बाक, त्यावर चालकाच्या शेजारी दोघे आणि मागे जमतील तेवढी माणसे अशी ही गाडी होती. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ती सुरू होत नसे. नाशिककरांची खरी परीक्षा कसारा घाटात लागे. उन्हाळ्यात इंजिन तापले, की पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्यायची आणि डिकीतल्या डब्यातील पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे, हे प्रत्येक मालकाला पाठ होते. त्याची तक्रार फारशी नसे. कारण बिघाड झाला तर गल्लीतला मिस्त्री तो दुरुस्त करू शकत असे आणि सुटे भाग कुठेही मिळत.

गाडी मात्र बदलत नव्हती. परवाने, आयातीवरील निर्बंध आणि १९६९ मध्ये सरकारने ठरवून दिलेल्या किमती यांत कंपनी जखडली होती. किमतींचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि स्पर्धाच नसल्याने नवे काही करण्याची निकडही उरली नव्हती. सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’ आली. पण आतली गाडी साठच्या दशकातीलच राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीच्या सहकार्याने बनलेली मारुती रस्त्यावर आली आणि ग्राहकांना फरक कळला. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, एका चावीत सुरू होणारी गाडी असू शकते, हे लोकांनी पाहिले. प्रीमियरनेही १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही नवी गाडी आणली. सांगाडा जुन्या फियाट १२४ चा होता आणि इंजिन होते जपानच्या निसानचे. नावातील ‘एनई’ ही अक्षरे त्या निसान इंजिनासाठीच होती. मालकांनी इंजिनाची वाखाणणी केली. पत्र्याच्या गंजण्याबद्दल मात्र ते कुरकुरत राहिले. ज्या निसानची सुरुवात वालचंदांच्या मोटार योजनेच्या आगेमागेच झाली, तिचे इंजिन पन्नास वर्षांनी कुर्ल्यात यावे लागले.

नव्या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बाद झाली.

मागे उरलेले

वालचंदांचे नाव आज सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वालचंदनगर यांच्यामुळे घेतले जाते. टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांनी सुरू केलेल्या उद्योगांपैकी काही सरकारकडे गेले, काही बंद पडले, काही दुसऱ्यांच्या हाती गेले. नफ्या-तोट्याच्या वहीत हा हिशेब कदाचित उणाच दिसेल. पण ज्या काळात हिंदी माणसाने कापूस विकावा आणि कापड विकत घ्यावे अशी राज्यकर्त्यांची अपेक्षा होती, त्या काळात या सोलापूरकराने बोट, विमान आणि मोटार इथेच बनवण्याचा हट्ट धरला. आज नाशिकच्या सातपूर, अंबड परिसरात मोटारींशी संबंधित कारखान्यांचे जाळे आहे आणि ओझरला विमाने बनतात. तिथे पाळीला जाणाऱ्या कामगाराला हे काम इथे होऊ शकते का, अशी शंका येत नाही. १९३९ मध्ये ती शंका जवळजवळ सर्वांनाच होती.